बेथेल हे मराठी गावाचे नाव आहे

स्थलनामांची चर्चा महाराष्ट्रात गेली काही वर्षे पुष्कळ होते आहे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. या नामांतरांच्या इष्टानिष्टतेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. त्यांच्या निमित्ताने झालेल्या चर्चेच्या आडोशाने एक समजूत वाढीस लागली आहे आणि आमचे भांडण तिच्याशी आहे. ती समजूत अशी : ख्रिस्ती पवित्र ग्रंथातून आलेली स्थलनामे मराठी मुलखात उपरी आहेत. जालन्याजवळचे 'बेथेल' घ्या किंवा तत्सम दुसरे कोणतेही नाव घ्या, ते कोणा परकीयाने वरून चिकटवलेले आहे. मराठीच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यायचीच तर मिशनच्या इतिहासातील तळटीप म्हणून घ्यावी. ही समजूत उघडपणे मांडणारे थोडे आहेत, गृहीत धरणारे मात्र पुष्कळ आहेत. आणि खेदाची गोष्ट ही की त्यांत मराठीच्या अध्यापकांचा भरणा अधिक आहे. स्थलनामांवर प्रकल्प करणारे विद्यार्थी 'देशी नावे', 'फारसी-अरबी प्रभावाची नावे', 'इंग्रजी नावे' असे रकाने आखतात आणि बेथेलसारखे नाव आले की बेलाशक 'इंग्रजी'च्या रकान्यात टाकतात. त्यांना कोणी अडवीत नाही. आम्ही अडवू इच्छितो.

आम्ही हे लिहितो आहोत ते वर्धा जिल्ह्यातील आष्टीहून. आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बीड जिल्ह्यातील आष्टी तर तालुक्याचेच ठिकाण आहे. आमची आष्टी ओळखली जाते ती 'आष्टी (शहीद)' या नावाने. १६ ऑगस्ट १९४२ रोजी येथील पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसे मेली, ठाणे पेटले. त्याच दिवशी चिमूरलाही उठाव झाला आणि 'चिमूर-आष्टी' हा जोडशब्द स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात कायमचा रुजू झाला. गावाच्या नावापुढचा कंस त्या दिवसाची खूण आहे. त्या कंसातला शब्द मात्र अरबी आहे. 'शहीद' या शब्दाचा मूळ अर्थ साक्ष देणारा. श्रद्धेसाठी प्राण देणारा तो खरा साक्षीदार, या विचाराने त्याला आजचा अर्थ आला. ग्रीक भाषेत हाच प्रवास 'मार्तिर' या शब्दाने केला. मूळ अर्थ साक्षीदार, नंतरचा अर्थ हुतात्मा. आणि तो घडला पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांच्या छळाच्या काळात. आमच्या गावाने 'हुतात्मा' हा शब्द हाताशी असताना 'शहीद' घेतला. कोणी त्याला परकीय म्हटले नाही, आणि म्हणण्याचे कारणही नव्हते. ज्यांची माणसे गेली त्यांच्या तोंडी तो शब्द होता, एवढे पुरेसे होते. नाव कोणत्या भाषेतून आले यापेक्षा ते कोणी, कोणत्या प्रसंगी, कशासाठी धारण केले हा प्रश्न स्थलनामाच्या अभ्यासात पहिला असावा, एवढा धडा आमचे गावच देते. तोच प्रश्न बेथेललाही विचारून पाहू.

'बेथेल' हा हिब्रू शब्द आहे : 'बेथ' म्हणजे घर, 'एल' म्हणजे देव. देवाचे घर. उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा अशी की भावाच्या रागाला भिऊन घर सोडून निघालेला याकोब रात्र पडली म्हणून उघड्यावर, उशाला दगड घेऊन झोपतो. स्वप्नात त्याला पृथ्वीवरून आकाशापर्यंत पोचणारी शिडी दिसते. जागा झाल्यावर तो त्याच दगडाचा स्तंभ उभारतो आणि त्या जागेला बेथेल हे नाव देतो. कथाकार आवर्जून सांगतो की त्या नगराचे आधीचे नाव लूज होते. म्हणजे मूळचे बेथेलही नामांतरच आहे. आणि ते नामांतर कोणा राजाने केलेले नाही. ज्याला त्या रात्री छप्पर नव्हते त्याने केलेले आहे. बेघर माणूस उघड्या जागेला 'देवाचे घर' म्हणतो, हा या नावाचा गाभा आहे.

आता जालन्याकडे येऊ. तेथील बेथेल १८७० च्या सुमारास वसले. ते वसवले रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी. मराठीच्या अभ्यासकाला शेषाद्री हे आडनाव अपरिचित नसावे. १८४३ साली मुंबईत नारायण या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता. वडिलांनी न्यायालयात जाऊन त्याला परत मिळवले. मग त्या मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावर मोठा वाद उठला, आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला घ्यावे अशी बाजू धरून सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. जांभेकरांवरील प्रत्येक लहानमोठ्या चरित्रात 'श्रीपत शेषाद्री प्रकरण' येते, परीक्षेत त्यावर टीप विचारली जाते. परत आलेल्या भावाची गोष्ट आपण अशी पाठ केली आहे. जो परत आला नाही, त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची गरज आपल्याला वाटली नाही. तो नारायण १८५४ साली फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा दीक्षित पाळक झाला, पुढे जालना परिसरात गेला, मांग आणि महार वस्त्यांतून हिंडला, १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलला, आणि निजामाच्या राज्यात सालारजंगांच्या सरकारकडून जमीन मिळवून त्याने एक गाव वसवले. परकीयाने वरून चिकटवलेले नाव, या समजुतीचा पहिला टाका येथेच उसवतो.

पण नाव कोणी दिले यापेक्षा ते कोणी पत्करले, हा अधिक मोलाचा भाग आहे. मराठवाड्यातील कोणत्याही गावात त्या काळी मांग किंवा महार माणसाचा पत्ता काय होता? मांगवाडा, महारवाडा. गावकुसाबाहेरच्या त्या जागेला स्वतंत्र नाव नव्हते. तेथे राहणाऱ्याची जात हेच तिचे नाव. माणूस आपले नाव सांगण्याआधी त्याची वस्ती त्याची जात सांगून मोकळी होई. अशा माणसांना वेशीबाहेर नव्हे तर स्वतःच्या जागी, स्वतःच्या गावात राहायला मिळाले, आणि त्या गावाचे नाव जातीवरून पडले नाही. ते पडले 'देवाचे घर'. ज्याला देवळाच्या पायरीपर्यंतही येऊ दिले जात नव्हते त्याचा पत्ताच देवाचे घर व्हावा, या घटनेकडे भाषेच्या अभ्यासकाने कसे पाहावे? आम्हांला तर एकोणिसाव्या शतकातील मराठी स्थलनामांच्या इतिहासात याहून अर्थपूर्ण नामकरण चटकन आठवत नाही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून टाकण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या जागी समतानगर, भीमनगर यांसारखी नावे सुचवली गेली. निर्णय स्वागतार्हच होता. त्याच्या स्वागताचे लेख आम्ही वाचले. महाराष्ट्राने उचललेले पहिले पाऊल, असा त्यांचा सूर होता. पहिले पाऊल दीडशे वर्षांपूर्वी जालन्याजवळ पडले होते, आणि ते शासनाने नव्हे, वस्तीतल्या माणसांनी टाकले होते, याची आठवण त्या लेखांत आम्हांला तरी दिसली नाही. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर विदर्भाने हीच प्रक्रिया पुन्हा पाहिली आहे. वैशालीनगर, नालंदानगर, लुंबिनीनगर ही नावे विदर्भातल्या शहरांत आणि गावांत का आढळतात? वैशाली आणि नालंदा बिहारात आहेत, लुंबिनी नेपाळात आहे. त्या ठिकाणी ज्यांचे पूर्वज कधी गेले नाहीत त्यांनी ती नावे आपल्या वस्त्यांना दिली, कारण जातीने दिलेला पत्ता त्यांना नको होता आणि बुद्धाने दिलेला हवा होता. ही नावे आज कोणी उपरी म्हणेल तर त्याला आपण सर्वजण मिळून गप्प करू. मग बेथेलला वेगळा न्याय का?

येथे पहिला आक्षेप येतो तो भाषेचा. लुंबिनी पालीतून येते, पाली आपली आहे; बेथेल इंग्रजांबरोबर आले, असे म्हटले जाते. हा आक्षेप घेणाऱ्याने मराठी बायबल एकदा तरी उघडून पाहावे. त्यात नदीचे नाव यार्देन आहे, नगराचे यरुशलेम, प्रांताचा गालील, गावाचे नासरेथ. माणसे याकोब, योहान, पेत्र, पौल अशी आहेत. इंग्रज जॉर्डन म्हणतो, जेरुसलेम म्हणतो, जेकब आणि जॉन म्हणतो. मराठी अनुवादकांनी ही रूपे इंग्रजीच्या दारातून घेतली नाहीत. हिब्रू आणि ग्रीक मुळांशी मेळ राखून, मराठीच्या वळणात बसवून घेतली. उलट आमची वृत्तपत्रे रोज जॉर्डन आणि जेरुसलेम छापतात ती थेट इंग्रजी वृत्तसंस्थांच्या तोंडून. इंग्रजीचे मांडलिकत्वच मोजायचे तर ते बायबलच्या मराठीत कमी आणि वृत्तपत्रांच्या मराठीत जास्त निघेल. भाकरीचेही तसेच. बेथलेहेम या नावाचा हिब्रू अर्थ 'भाकरीचे घर' असा होतो. मराठी बायबलाने त्या अन्नासाठी पाव किंवा रोटी न घेता 'भाकर' हा शब्द घेतला. ज्वारीच्या मुलखातल्या शेतमजुराला त्या गावाचे नाव भाषांतर करून सांगावे लागत नव्हते. घरात तवा तापला की ते कळत होते.

शिवाय हिब्रू ग्रंथाचा भूगोल मराठी मुलखात पोचायला इंग्रजांची वाट पाहावी लागली, हेही खरे नाही. कोकणातील बेने इस्राएल समाज मराठी बोलत, तेल गाळत, शनिवार पाळत शतकानुशतके येथे राहिला. अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे एका खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे आणि 'एलियाहू हनबीचा टापा' या मराठमोळ्या नावाने ती जागा ओळखली जाते. पवित्र ग्रंथातील पुरुष यार्देनच्या तीरावरून स्वर्गात गेला असे ग्रंथ सांगतो. रायगड जिल्ह्यातील मराठी यहुदी सांगतो की वाटेत त्याचा रथ आमच्या खडकाला लागला. या श्रद्धेला 'आयात' म्हणणाऱ्याला श्रद्धा कशी रुजते हेच कळलेले नाही.

आणि ही रुजण्याची रीत आपल्याला परकी नाही. नागपूर जिल्ह्यातील धापेवाड्याला आपण विदर्भाची पंढरी म्हणतो, आणि तेथल्या नदीचे नाव चंद्रभागा आहे. पैठणला दक्षिण काशी म्हणतो. वर्धेच्या पैलतीरावरचे कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचे माहेर, ही गोष्ट आमच्या भागातील शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. वरोऱ्याजवळच्या आनंदवनाचे नाव घेताना ते काशीचे जुने नाव आहे हे आपण विसरून गेलो आहोत, इतके ते आता तेथील महारोग्यांच्या श्रमाचे झाले आहे. दूरचे पवित्र स्थळ आपल्या शिवारात आणून वसवणे, ज्याला तेथवर जाणे परवडत नाही त्याच्यासाठी येथेच नदी आणि घाट उभे करणे, ही लोकपरंपरेची जुनी युक्ती आहे. इथिओपियात लालिबेला येथे खडक कोरून चर्चे उभारली गेली आणि त्यांच्यामधून वाहणाऱ्या ओढ्याला योर्दानोस हे नाव दिले गेले. धापेवाड्याची चंद्रभागा आणि लालिबेलाची योर्दानोस या सख्ख्या बहिणी आहेत. पहिलीला भक्ती म्हणायचे आणि दुसरीच्या जातकुळीतल्या बेथेलला नक्कल म्हणायचे, हा विचार नसून आवडनिवड आहे.

आवडनिवड हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. कारण सगळीच ख्रिस्ती स्थलनामे आपल्याला खटकतात असे नाही. सांताक्रूझ म्हणजे पोर्तुगीज भाषेत 'पवित्र क्रूस'. मुंबईत लाखो माणसे रोज त्या स्थानकावर चढतात-उतरतात, तेथे घर मिळाले तर पेढे वाटतात. कोणाच्या जिभेला ते नाव टोचत नाही. वांद्र्याच्या टेकडीवरील मारियेच्या देवळाला कोळ्यांनी 'मोतमाउली' केले. डोंगर या अर्थाच्या पोर्तुगीज 'मोन्ते'चे 'मोत' झाले आणि वारकऱ्यांनी ज्ञानदेवांना दिलेले 'माउली' हे नाव शेजारी येऊन बसले. श्रीरामपूरजवळ हरेगावी ती 'मतमाउली' झाली आणि तिच्या सप्टेंबरातील यात्रेला नगरकडचा ख्रिस्ती शेतमजूर लोटू लागला. वसईत 'रेमेदियोस'च्या मातेवरून एका अख्ख्या वस्तीचे नाव 'रमेदी' पडले. या शब्दांकडे भाषाशास्त्राचा अभ्यासक कौतुकाने पाहतो, आणि पाहावेच. पण एक गोष्ट लपत नाही. सांताक्रूझ महाग आहे म्हणून ते आपले. बेथेल गरिबाचे आहे म्हणून ते परके. नावाचा परकेपणा आपल्याला दिसतो तो बहुधा तेथे राहणाऱ्याच्या जातीमुळे आणि वर्गामुळे; शब्दाच्या उगमाशी त्याचा संबंध थोडाच असतो.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. नाव द्यायचेच होते तर मराठीत अनुवाद करून का दिले नाही, असा तो आहे. अनुवादही झालेले आहेत. नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेल्या ख्रिस्ती वस्तीचे नाव 'शरणपूर'. बायबलात आश्रयाची नगरे आहेत. ज्याच्या मागे सूड लागला आहे त्याने तेथे पळून जावे आणि वाचावे, अशी त्यांची योजना. त्या कल्पनेला शुद्ध मराठी रूप मिळाले. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही या शरणपुरात आणली गेली, शिकली, हातकामे करू लागली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला खांदा देणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. तो येथे शिकला होता. १८७५ साली मोंबासाजवळ सोडवलेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन वसले तेव्हा शरणपूर चालवलेले प्राइसच तिकडे गेले आणि नाशकात वाढलेले आफ्रिकी तेथे कामाला आले. नाशिककर आज शरणपूर रोडवर खरेदी करतात. त्या नावात कोणकोण शरण आले होते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. म्हणजे अनुवाद केला तर नाव आपल्यात विरघळते आणि त्याचा इतिहास पुसला जातो. अनुवाद न करावा तर नाव उपरे ठरते. दोन्हीकडून हरवण्याचीच ही सोय आहे. पंडिता रमाबाईंचे केडगाव आठवा. आपल्या बायबल-भाषांतरात संस्कृत वळणाचे, वेदान्ताची छाया असलेले शब्द टाळण्याचा त्यांचा कटाक्ष होता. तरी आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले 'मुक्ती'. 'बेथेल', 'शरणपूर' आणि 'मुक्ती' ही तीन नावे म्हणजे एकाच गरजेला मराठीने दिलेली तीन उत्तरे आहेत. त्यांतले एक स्वीकारून दुसरे नाकारण्याचा अधिकार आपला नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला बगल देणे आम्हांला शोभणार नाही. पवित्र ग्रंथातील नाव म्हणजे जमिनीवरचा दावा असतो, असा तो आहे. याचे उदाहरण खुद्द बेथेलच देते. रामल्लाजवळचे बेतीन हे पॅलेस्टिनी गाव म्हणजेच प्राचीन बेथेल, असे एडवर्ड रॉबिन्सन या संशोधकाने १८३८ च्या प्रवासात ठरवले आणि बहुतेक अभ्यासकांनी ते मानले. त्याच परिसरात १९७७ साली 'बेथ एल' नावाची इस्रायली वसाहत उभी राहिली. जुन्या ग्रंथातील नाव तेथे आजच्या रहिवाशाला बाजूला सारण्याचे साधन झाले. फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' या पुस्तकात त्या भूमीचा रक्तबंबाळ इतिहास मराठीत आणला, तेव्हा पवित्र नावे किती महाग पडू शकतात हे मराठी वाचकाला एका मराठी धर्मगुरूनेच सांगितले होते. आम्ही ते विसरत नाही.

परंतु या उदाहरणातून निघणारा निष्कर्ष बेथेलच्या विरुद्ध जात नाही. नाव एकच असून दोन ठिकाणी त्याने दोन कामे केली. एके ठिकाणी सत्ता हाती असलेल्याने ते दुसऱ्याच्या शेतावर ठोकले; दुसऱ्या ठिकाणी ज्याला शेतच नव्हते त्याने ते आपल्या पहिल्या अंगणाला दिले. पहिल्यात कोणाचा तरी पत्ता हिरावला गेला, दुसऱ्यात कोणाला तरी पत्ता मिळाला. नामकरण न्याय्य की अन्याय्य हे या एका कसोटीवर ठरावे. ही कसोटी आम्ही ख्रिस्ती नावांपुरती राखून ठेवीत नाही. आमच्याच जिल्ह्यातील सेगावचे १९४० साली सेवाग्राम झाले, कारण टपाल शेगावला जाऊ लागले होते. त्याने कोणी बेघर झाले नाही. ऊर्ध्व वर्धा धरणाच्या पाण्याखाली नदीकाठची गावे गेली तेव्हा उठलेली माणसे जुने नाव बरोबर घेऊन नव्या जागी बसली. शेत गेले, घर गेले, पार गेला. बुडवता आले नाही ते फक्त नाव. नाव म्हणजे काय असते हे या माणसांना विचारावे. वर्गीकरणाचे रकाने त्यानंतर आखावेत.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नाव बदलल्याने जात गेली का? नाही. बेथेलच्या वेशीबाहेर पाऊल टाकले की शेजारच्या गावाला तो माणूस कोण हे ठाऊक होते. मराठवाड्यात आणि नगरकडे 'ख्रिश्चन' हा शब्दच कित्येकदा जुन्या जातीचे नवे नाव म्हणून वापरला गेला. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. पुढे १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले गेले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहे. व्यवहारात त्याची जात सुटत नाही आणि कागदावर ती लागत नाही. मिशनच्या वस्त्यांत पाळकाच्या शब्दाचा दाब होता, जमीन मिशनच्या हाती होती, हेही नाकारण्याचे कारण नाही. पण यावरून 'मग त्या नावाचा उपयोग काय झाला' असे विचारणारा 'शहीद' शब्दाचा उपयोग काय झाला असेही आम्हांला विचारू शकेल. नाव प्रश्न सोडवीत नाही. ते लावणाऱ्याने कोणती मागणी केली होती तेवढे लिहून ठेवते. बेथेलची मागणी अजून पुरी झालेली नाही. आणि म्हणूनच ती पुसली जाऊ नये.

आता आमच्या विषयाकडे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात ख्रिस्ती मराठी साहित्य येते ते कसे? फादर स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' येते. १६१६ साली राशोल येथे छापले गेले, दहा हजारांहून अधिक ओव्या आहेत, मूळ छपाई रोमन लिपीत होती, कवी इंग्रज असून मराठीवर लुब्ध होता, अशी माहिती येते. मग बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन', १८५७, पहिली कादंबरी म्हणून. मग रेव्हरंड टिळक, 'फुलामुलांचे कवी' म्हणून. आणि लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे', विनोदासाठी. सर्वत्र आपण या मंडळींचे कौतुक करतो ते ती 'आपल्यासारखी' कशी झाली याचे. ओवी लिहिली, तुकारामाची वाट धरली, अभंग रचले. ती आपल्याला काय नवे देत होती, हा प्रश्न विचारत नाही. टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' उभारला, तेव्हा फारसी 'दरबार' शब्दात त्यांनी कोणाला बसवले? 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले, तेव्हा गालीलचा समुद्र पाहण्याची सोय नसलेल्या त्या बाईने तो कोणत्या मराठी पाण्यावरून रंगवला? मराठी कवितेच्या भूगोलात इंद्रायणी आणि चंद्रभागा आहेत. यार्देनही आहे, पण आपल्या नकाशात ती दाखवलेली नाही. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद दिब्रिटो यांना मिळाले तेव्हा जे आक्षेप उठले, त्यांची पेरणी आपल्या वर्गांतच झाली होती. चारशे वर्षांच्या मराठी ख्रिस्ती लेखनाला आपण पाहुणे म्हणून वागवले. मग पाहुण्याने अध्यक्षाच्या खुर्चीवर बसू नये असे कोणाला वाटले तर नवल कसले?

वर्ध्याला तरी असे वागण्याची मुभा नाही. धाम नदीच्या काठच्या पवनारच्या विनोबांनी जसे कुराणाचे सार काढले तसे 'ख्रिस्तधर्म-सार'ही काढले. त्यांना त्या ग्रंथातील गावे उपरी वाटली असती तर ते त्या वाटेला गेलेच नसते.

आमच्या मागण्या थोड्या आहेत. स्थलनामांच्या प्रकल्पांतून 'इंग्रजी' हा सरसकट रकाना काढावा आणि बेथेल, शरणपूर, रमेदी, मोतमाउली या नावांची नोंद मराठी स्थलनामे म्हणून व्हावी, त्यांच्या वसण्याच्या इतिहासासह. श्रीपत शेषाद्री प्रकरण शिकवणाऱ्याने त्याच तासाला नारायण शेषाद्रींचे बेथेलही शिकवावे. दहा मिनिटे पुरतात. आणि कोणत्याही वस्तीचे नाव बदलण्याचा प्रस्ताव आला तर पहिला आणि अखेरचा शब्द तेथे राहणाऱ्यांचा असावा. भाषाशुद्धीच्या नावाखाली आम्हां प्राध्यापकांकडून दाखले मागितले गेले तर ते देण्यास आम्ही नकार द्यावा. आष्टीच्या नावापुढचा कंस कोणी अरबी म्हणून पुसायला आला तर आम्ही त्याला ठाण्याच्या आवारातूनच परत पाठवू. बेथेलच्या बाबतीत तेवढेच करावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.